बस्त्यात न मावणारा पंचनामा

...आणि वर कचेरीतली मंडळी मलाच विचारतात, "बंडूजी, मूळ प्रत कुठं आहे?" अहो, मूळ प्रत कुठं असते हे मला विचारता? तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं तालुक्याच्या कार्यालयात अभिलेखपाल आहे मी. साध्या भाषेत रेकॉर्डकीपर म्हणतात, पण साधी भाषा म्हणजे इंग्रजी हे कधी ठरलं, त्याचं परिपत्रक माझ्यापर्यंत आलेलं नाही, ते असो... एकतीस वर्षं मी लाल कापडाच्या बस्त्यांत गावंच्या गावं बांधून फळीवर ठेवली. वीज गेली तरी नुसत्या गाठीवरून गाव ओळखतो, कारण गाठ मी मारलेली असते. आणि आता हे जे आलंय त्याला ना कापड, ना गाठ, ना फळी. आता तुम्हीच सांगा, ही नस्ती मी कोणत्या बस्त्यात बांधू?

नाही, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा नव्याच्या नावानं बोटं मोडतो.

आंबेटेक नावाचं गाव. तिथल्या अनुसयाबाईंचा अर्ज आला की शेजारच्या तानबाजींनी शेताकडे जाणाऱ्या पांदणीवर काट्यांचं कुंपण घातलं, तार ओढली, वाट बंद. दिवस कोणते? सोयाबीनचे. बाईंचं सोयाबीन कापून शेतात गंज लावून ठेवलेली, आणि मळणी करायची तर हडंबा शेतात न्यायला वाट नाही. आता हडंबा म्हणजे मळणीचं यंत्र, ते काही डोक्यावर घेऊन धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, नेता येत नाही. त्यात आभाळ रोज दुपारी भरून यायचं. एक सर पडली की गंजीला आतून मोड, वर्षाचं पीक मातीत. म्हणून साहेबांनी, म्हणजे तहसीलदारांनी, तातडीनं स्थळपाहणी लावली आणि गुरुवारची सुनावणी ठेवली.

आता पंचनामा कसा व्हायचा? तलाठ्यानं मांडीवर कागद घ्यायचा, पंचांनी बाभळीखाली बसायचं, पाच सह्या, एक अंगठा, आणि दुसऱ्या दिवशी तो कागद चहाच्या एका डागासह माझ्याकडे. डागसुद्धा अभिलेखाचाच भाग, मी कधी पुसला नाही. पण आमच्या रुचिका मॅडम, महसूल सहायक, कामाला वाघीण, त्या नागपूरला प्रशिक्षणाला गेल्या आणि सामायिक दस्तऐवज शिकून आल्या. म्हणजे कागद एकच, तोही कागद नव्हेच, आणि लिहिणारे अनेक, आपापल्या भ्रमणध्वनीवरून, एकाच वेळी. मी म्हटलं, बाई, एका ताटात पाचजण जेवले तर जेवण होतं, एका कागदावर पाचजणांनी लिहिलं तर भांडण होतं. तर त्या म्हणतात, "काका, तुम्ही टेन्शन नका घेऊ न. सगळे एकाच जागी पाहून राह्यले, यापरीस चांगलं काय असते?"

चांगलंच होतं हो. पण आंबेटेकचा तलाठी रुपेश, सरळ माणूस, त्याला वाटलं पंचांनी एकदा वाचून घ्यावं. म्हणून त्यानं त्या पंचनाम्याचा दुवा कुठं टाकावा? गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर. आणि दुव्याच्या खाली काय लिहिलेलं? "लिंक असलेला कोणीही बदल करू शकतो." कोणीही. तुम्हाला सांगतो, सरकारी नोकरीत मी अनेक भयंकर शब्द वाचले, "खुलासा करावा" वाचला, "व्यक्तिशः हजर राहावे" वाचला, पण "कोणीही"इतका भयंकर शब्द वाचलेला नाही.

माझा एक नेम आहे. जे कागदावर नाही ते अभिलेखकक्षात आलेलं नाही. म्हणून मी रोज सकाळी ठीक दहा वाजता रुचिका मॅडमच्या संगणकावरून त्या दस्तऐवजाची छापील प्रत काढून आवकचा शिक्का मारायला सुरुवात केली. रुचिका मॅडम हसायच्या.

"काका, कायले रोज प्रिंट काढून राह्यले? ते तर आहेच न वर."

"वर म्हणजे कुठं?"

"वर म्हणजे... वर."

वर म्हणजे वर. यमाच्या दरबारालाही याहून नेमका पत्ता आहे.

सोमवारी वाट आठ फूट रुंद. मंगळवारी अकरा. बुधवारी सकाळी चार फूट, आणि खाली एक ओळ, "एवढ्यात बकरी जाते, हडंब्याचं काय काम?" धुरपताबाईंनी नळाला सहा दिवस पाणी नाही हे पंचनाम्यात घातलं. कोणीतरी नातवाच्या बारशाचं निमंत्रण घातलं, वेळेसह. मी सगळ्यावर शिक्का मारला, काय करणार? आणि मॅडमच्या पडद्यावर कोपऱ्यात, लिहिणाऱ्याच्या ओळीपाशी, नावं काय दिसावीत? ज्यांनी आपलं नाव नोंदवलेलं नाही त्यांना ते यंत्र आपल्या मनानं जनावराचं नाव देतं. अनामिक कोल्हा, अनामिक ससा, अनामिक पाणघोडा. महसूल खात्याचा पंचनामा, आणि पंच म्हणून पाणघोडा. आता सांगा, ही नस्ती मी कोणत्या बस्त्यात बांधू?

तर या जंगलात एक होता अनामिक उंट. चार फूट लिहिणारा तोच. बुधवारी सकाळच्या प्रतीत, पंचांच्या नावांच्याही खाली, या उंटानं लिहिलेलं मी वाचलं आणि शिक्का हातात तसाच राहिला. "पांदनीच्या तोंडावरचा निंब माह्या बापानं लावला, माह्या जलमाच्या साली. मागल्या साली हडंब्यानं त्याची साल सोलली. कोनी एका शब्दानं इचारलं नाई. म्हनून कुंपन." त्याच्याखाली अनुसयाबाई, सूनबाई रक्षाच्या भ्रमणध्वनीवरून, नावासकट. "सोलली ते खरं हाय. मले माफी मांगाची होती, पन तू त मान फिरवून जातं." मग उंट, "झाडाले धक्का लागला नाई पायजे. झाडाच्या इकडून, माह्या धुऱ्यावरून हडंबा ने. कुंपन काढतो." त्या ओळीखाली सोळा अंगठे, शाईचे नव्हेत, ते पिवळे, वर उचललेले.

सांगतो तुम्हाला, एकतीस वर्षांत इतका स्वच्छ तडजोडनामा मी पाहिला नाही. भाषा अशुद्ध, भाव निर्दोष.

आणि त्याच संध्याकाळी रुचिका मॅडमनी काय करावं? सुनावणी उद्यावर आलेली, पंचनाम्यात बारसं पाहून बिचाऱ्या घाबरल्या, आणि सगळं झाडून काढून सोमवारचा मजकूर परत जागेवर आणून ठेवला, वर कुलूप लावलं. बारसं गेलं, नळ गेला, पाणघोडा गेला... आणि उंटही गेला.

गुरुवारी सुनावणी. साहेबांनी पडद्यावर पंचनामा उघडला, वाट आठ फूट, कुंपण आढळले, समाप्त. तानबाजी टोपी सावरत उभे. "साहेब, तिथं वाट कधी नव्हतीच." अनुसयाबाई म्हणाल्या, "काऊन खोटं बोलून राह्यला रे? काल त तू लिहून देल्लं कुंपन काढतो म्हनून." तानबाजी म्हणाले, "म्या काई लिहिलं नाई." मागं अर्धं गाव उभं होतं ना, सगळ्यांसमोर नमायचं कसं? घरी बसून उंट होता येतं, कचेरीत माणूसच व्हावं लागतं.

साहेबांनी खिडकीबाहेर आभाळाकडे पाहिलं आणि दिनदर्शिकेचं पान उलटलं. म्हणजे पुढची तारीख. म्हणजे तीन आठवडे. अनुसयाबाईंनी पदर घट्ट धरला. मी दारात उभा होतो. बोलावल्याशिवाय दालनात जायचं नाही हा माझा दुसरा नेम, तो त्या दिवशी मोडला.

"साहेब, बुधवारची प्रत. आवक शिक्का, सकाळी दहा."

साहेबांनी वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढला. "लिहून देणार कोण?"

"अनामिक उंट, साहेब."

दालनात कोणी हसलं नाही, हे आमच्या तालुक्याचं वळण. साहेबांनी गंभीरपणे विचारलं, "उंट हजर आहे का?"

तानबाजींनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. "मी नाई उंट. असंन कोनी."

साहेबांनी लेखणी टेबलावर ठेवली. म्हणजे संपलं. आणि अनुसयाबाई, तुम्हाला सांगतो, वकील झाल्या असत्या तर वर्धेतल्या निम्म्या वकिलांना त्यांच्या हाताखाली बसावं लागलं असतं. त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "जाऊ द्या साहेब. तो उंट खोटंच बोलून राह्यला. निंब काई तानबाच्या बापानं नाई लावला. माह्या सासऱ्यानं लावला."

"तुह्या सासऱ्यानं?" तानबाजी टोपीसकट वळले. "तुह्या सासऱ्यानं त घरी तुळस नाई लावली कधी. माह्या बापानं लावला तो, हातानं, माह्या जलमाच्या साली, तसं म्या लिहूनच देल्लं हाय त्या मोबाईलात..."

आणि थांबले.

मग हसू आलं. आधी मागच्या भिंतीकडून, मग पुढून, मग साहेबांना खोकला आला. शेवटी तानबाजीही हसले, टोपी काढली, म्हणाले, "बरं बाप्पा, लिवा. पन झाडाले धक्का नाई लागला पायजे." अनुसयाबाई म्हणाल्या, "गोणपाट बांधतो न झाडाले मी." साहेबांनी तिथल्या तिथं तडजोड नोंदवली. संध्याकाळी कुंपण निघालं, शुक्रवारी हडंबा शेतात गेला, शनिवारी रात्री पाऊस आला, आणि सोयाबीन घरात होतं.

सगळ्यांचं भलं झालं. माझं? साहेब म्हणाले, "बंडूजी, ही बुधवारची प्रत कायम जतन करा. अ वर्ग." अ वर्ग म्हणजे कधी नष्ट करायचं नाही. मी नोंदवही उघडली. रकाना चार, लिहून देणाराचे नाव. तीन वेळा लेखणी उचलली, तीन वेळा ठेवली, आणि मग वळणदार अक्षरात लिहिलं, "अनामिक उंट, राहणार आंबेटेक."

आता रुचिका मॅडम आदरानं वागतात. परवा म्हणाल्या, "काका, आता दोन्ही ठेवत जाऊ, तुमचा कागद न आमचं ते वरचं. तुम्हीपण एकदा आत येऊन तं पाहा." स्वतः माझ्या भ्रमणध्वनीवर दुवा पाठवला, उघडून दिला. मी घाबरत घाबरत आत गेलो. सगळं नीट होतं, सोमवारचा मजकूर, आठ फूट, कुलूप. आणि वर कोपऱ्यात कोणीतरी नवीन येऊन बसलेलं. मी विचारलं, "हे अनामिक कासव कोण?"

मॅडम ओठ दाबून म्हणाल्या, "ते तुम्हीच आहा न, काका."

मी चष्मा पुसून त्याच्याकडे पाहिलं. पाय आखूड, मान आत, चाल सावकाश, आणि पाठीवर जन्मभराचा बस्ता... गाठ मारलेला.

मी त्याचीही प्रत काढली, आणि आवकचा शिक्का मारला.