टेकडीवरच्या मशिदीचा दगड

जबाब देणार : उद्धवराव पंढरी ढोले, वय ५८ वर्षे, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळदरी, मंडल नार्नूर, जिल्हा आदिलाबाद.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, माझे घर व शेत टेकडीच्या पायथ्याशी आहे. टेकडीवर निजामाच्याही आधीची दगडी मशीद व तिच्या आवारात पाण्याचे टाके आहे. शेख फकिरा, वय अंदाजे ७०, हे मशिदीची झाडलोट करतात व लगतच्या खोलीत एकटे राहतात. आमची लहानपणापासून ओळख आहे.

गेल्या सोमवारी पुरातत्त्व खात्याचे अधिकारी आले. त्यांच्याजवळच्या जुन्या फोटोत दरवाजावर फारसी लेखाचा दगड दिसतो. आज तेथे नुसती खाच आहे. दगड कधी गेला हे कोणाला सांगता येईना. फकिरा यांनी तो विकला, असे गावात बोलले जाऊ लागले. बुधवारी मशीद कमिटीच्या लोकांनी त्यांच्या खोलीची झडती घेतली. मी तेथे हजर होतो. शुक्रवारपर्यंत दगड आणा, नाहीतर खोली सोडा, असे कमिटीने त्यांना सांगितले.

सदर दगड माझ्या गोठ्याच्या दारात पायरी म्हणून पालथा बसवलेला होता. मी वीस वर्षांचा असताना पावसाळ्यात तो निखळून झुडपात पडला. माझे मयत वडील व मी तो बैलजोडीने ओढून आणला. फकिरा तेव्हा मंचेरियलला कामाला होते.

शुक्रवारी नमाजानंतर मशिदीपुढे साठ-सत्तर माणसे जमली. फकिरा यांची पेटी खोलीबाहेर काढलेली होती. आवाज खाली ऐकू येत होते. माझी पत्नी भाग्यलक्ष्मी म्हणाली, "तुमी सांगता, का मी जाऊ वर?"

मी वर गेलो. "दगड माह्या गोठ्यात हाये," असे सर्वांसमोर सांगितले. एकाने माझी गचांडी धरली. फकिरा मध्ये आले व म्हणाले, "त्याले हात लावू नका. आधी दगड पाहू." गचांडी धरणाऱ्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

सर्वजण गोठ्यावर आले. लोखंडी सब्बल खाली घालून दगड उलटला. धुतल्यावर अक्षरे दिसली. फकिरा यांना काही शब्द वाचता आले. बांधणाऱ्या गवंड्याचे नाव आहे, आणि टाक्याचे पाणी कोणीही न्यावे असे लिहिले आहे, असे त्यांनी सांगितले. उन्हाळ्यात आम्ही त्याच टाक्याचे पाणी भरतो.

लोक पांगल्यावर फकिरा यांनी मला विचारले, "सोमवारपासून काऊन चूप बसला, उद्धव?" त्यांची पेटी आत ठेवू लागावे म्हणून मी सोबत निघालो. ते "राहू दे" म्हणाले व एकटेच टेकडी चढून गेले.

हवालदारांनी हा मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे. त्यातील एकही शब्द मला बदलायचा नाही.

सही : उद्धवराव पंढरी ढोले