मासा पक्षी का झाला?

"पण मग तो मासा पक्षी का झाला? नाही, तुम्ही सांगा ना, का झाला?" असं आमच्या नरपडच्या रुपलनं वापीच्या थेटरात विचारलं, आणि कोणाला, तर तिकीट फाडणाऱ्याला! तो बिचारा म्हणतो, "बेन, हूं तो खाली टिकिट फाडूं छूं!"

रुपल चिडणार नाही तर काय करेल हो? तुम्हाला सांगतो, त्या दिग्दर्शकाचा आधीचा कासवाचा सिनेमा तिनं अकरा वेळा बघितलेला. कोणी कार्टून म्हटलं तर भांडायची, "ॲनिमेशन म्हणा!" सहा वर्षं नव्याची वाट बघितली, आणि आईच्या, हंसाबाईच्या मागे लागून तिलाही नेलं. हंसाबाईचा जन्म गेला बोंबील वाळवण्यात, थेटर बघितलं ते लग्नाआधी! "आई, मला काय आवडतं ते एकदा बघ तरी. रडशील बघ." म्हणजे पोरीची इज्जतच पणाला ना!

आणि सिनेमा... दिसायला सुंदर होता हो! लाट अशी आली, की हंसाबाईनं पदर आवरला. पण गोष्ट? मुलगी समुद्रात शिरली, बरं. मासा झाली, चला. माशाचा पक्षी झाला, पक्ष्याची म्हातारी झाली, म्हातारीनं चंद्र गिळला आणि एकदम... समाप्त! अरे, समाप्त काय समाप्त? कोण मेलं, कोण जगलं? दिसायला सुंदर, मान्य, पण कळायला नको?

परतीच्या गाडीत संजाण गेलं, उंबरगाव गेलं, रुपलचं तोंड चालूच. "सहा वर्षं रंगवत बसले, गोष्ट लिहायला एक माणूस नाही मिळाला?" फोनवर तिच्या फॅन ग्रुपातला भाविक समजावतोय, "ताई, ते प्रतीक आहे, प्रतीक!" "माझ्या वर्गात दोन प्रतीक होते, दोघांचं बोलणं कळायचं मला!" दिसायला सुंदर म्हणून काय काहीही दाखवाल?

पण तुम्हाला सांगतो, खरा राग वेगळाच होता. आई अख्ख्या गाडीत एक शब्द बोलली नव्हती. आणि 'आवडला का' विचारायची रुपलची हिंमत होईना!

दुसऱ्या दिवशी रुपल डबा द्यायला डहाणूच्या मासळी बाजारात गेली, तर आईभोवती ही गर्दी! हंसाबाई सांगतेय, "ती पोर बुडालेल्या नाखव्याची गो! बापाला शोधाया पाण्यात शिरली. तिथं नाय गावला, म्हणून पक्षी झाली, वरून बघाया. शोधता शोधता म्हातारी झाली..." शेजारी बसणारी भिकी डोळे पुसतेय, पलीकडच्या सुनितानं मासा कापायचा थांबवलाय. "आणि चंद्र का गिळला गो?" "काळोख नको? बापाला घरचा दिवा लांबून दिसला पाहिजे ना!"

सगळ्या रडल्या. रुपलपण! मग भडकली. "आई, हे सिनेमात कुठे होतं?"

हंसाबाई म्हणते, "मग तू काय बघत होतीस?"

झालं! आता भिकी आणि सुनिता हटूनच बसल्यात, आम्हाला पण ने. रुपल अजून धुमसतेय, "त्या दिग्दर्शकाचं काम माझ्या आईनं करायचं?"

रविवारची तिकिटं मात्र काढलीत. चार.