बांधावर रोवलेली पहार

ऐका. मधे बोलायचं नाही.

आपला हिंदुराव खराडे, द्राक्षांची छाटणी करणारा, ऑस्ट्रेलियात गेला. टालंगा म्हणून नदीकाठचं गाव. माणसं चारशे, सगळी हट्टी. पूर आला की सरकार सांगतं, गाव सोडा. ती सोडत नाहीत! मातीचा बांध घातलाय, त्यावर रात्रभर पाळीनं उभी राहतात. रीत अशी, की आपल्या जागी लोखंडी पहार रोवायची. बदली माणूस येऊन ती स्वतःच्या हातानं उपटतो. मगच पहिल्यानं हलायचं.

का? एकदा एकजण आधीच पळाला. बांध फुटला. तोही बुडाला, बांधाखालच्या वाटेवर.

हिंदुराव तिथं असताना पूर आला. पहिल्याच रात्री पाळी ह्याची. अंधार पडल्यावर निघाला, खांद्यावर पहार. शेजारच्या डोरीन म्हातारीनं बजावलं होतं, "वरून जा. खालून नको." पण ह्याला उशीर झालेला, आणि खालची वाट जवळची. गेला खालून!

मागं पावलं. चपक, चपक. हा थांबला की तीही थांबायची. हा धावत बांधावर चढला, पहार रोवली. पावलं थांबली. सुटलो, म्हणाला. कसला सुटतोय!

पलीकडं कंदील हलला. "इकडं फुटलंय, धावा!" हा हलला नाही. मग पाण्यातून बायकोचा आवाज, "अहो, बुडतेय मी!" पण बायको तर तासगावात. "बुड," म्हणाला. अशा वेळी असंच बोलावं लागतं.

पहाटे डोरीन आली. तोच रेनकोट, तीच टोपी. "दमलास रे बाबा. घे पहार, जा घरी."

डोळे मिटत होते त्याचे. हात पहारेला लागले. वीतभर वर आलीसुद्धा! आणि मग डोक्यात आलं, डोरीनला मराठी कधी यायला लागलं?

त्यानं पहार परत खाली दाबली. "तू उपट. गावची रीत आहे."

"तूच घे ना."

"उपट म्हणतोय! जागा सोडून पळालास तू. आता लोखंडाला हात लागत नाही होय?"

ते किंचाळलं! तोंड कानापर्यंत फाटलं. पायाखालची माती निसटली, गार हातानं घोटा धरला, ओढलं पाण्यात. कमरेपर्यंत गेला! पहार सोडली नाही. कवटाळून शिव्या घातल्या, आपल्या आणि त्यांच्याही. "ओढ! गाव मिळायचं नाही तुला!"

तेवढ्यात वरून टॉर्च. कुणीतरी कॉलर धरून बाहेर खेचलं. डोरीनच, सत्तरीची बाई! हिंदुरावानं पहार सोडली नाही. ही तरी उपटते का, बघत राहिला. तिनं त्याचे हात बाजूला केले आणि पहार उपटली. तेव्हा कुठं तो खाली बसला.

"खालून आलास ना?" तिनं विचारलं. इंग्रजीत!

"हो."

"गाढव आहेस. उद्या पुन्हा तुझी पाळी."

गेला दुसऱ्या रात्री. वरून. गाव आहे तिथंच आहे, बांधही. हिंदुरावाच्या घोट्यावर पाच बोटं अजून काळी आहेत, आला की बघा.

तिकडं कधी गेलात तर बांधावर खुशाल उभे राहा, कुणाच्या बापाला भिऊ नका. पण ती खालची वाट? दिवसाउजेडीसुद्धा नाही. उठा आता.