बाबांचा घसा आणि माझे कान

(सुलभा परब, वय पंचावन्न. लोकांच्या घरी राहून आजाऱ्यांची सेवा करतात. मुलुंड पूर्वेला सध्या ज्या घरी त्या कामाला आहेत तिथेच, एका दुपारी, त्यांनी सांगितलं तसं उतरवून घेतलं.)

तिकडे नको, इकडे बसा, बाबांच्या पलंगाच्या बाजूला, ते स्टूल ओढून घ्या. आणि आधीच सांगून ठेवते, बोलता बोलता मी हात वर केला तर गप व्हायचं, राग मानायचा नाही. हां. आता माझं काय सांगू तुम्हाला, गाव कणकवलीकडचं पण जन्म इथलाच, परळचा. वडील मिलमध्ये साच्यावर होते, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, आणि तिथे साचे असे दणदणायचे की कानात तोंड घालून ओरडलं तरी ऐकू जायचं नाही, सगळे हाताच्या खुणांनीच बोलायचे. मिल बंद पडली आणि वडील घरी बसले, तोवर त्यांचे कान पार गेलेले. आई दिवसभर लोकांच्या घरी कामाला. मग घरात कान कोणाचे, तर माझे. कडी वाजली, सुलभा बघ. नळाला पाणी आलं, सुलभा बघ. आई बोलायची, तुझ्या बापाशीचे कान तूच आसस गो. बारा वर्षांची होती मी, अभ्यास करताना पण एक कान दाराकडे. ती सवय लागली ती लागलीच.

लग्न करून भांडुपला आली, मुलगी चार वर्षांची असताना मालक गेले, आणि मी एका नर्सिंग होममध्ये आया म्हणून लागली. तिथल्या सिस्टर कडक होत्या पण शिकवलं बाई त्यांनी. तेव्हापासून हेच काम, आज ह्या घरी, उद्या त्या घरी. आणि माझं काम सगळं कानावर चालतं, हे लोकांना पटत नाही. लोकांना वाटतं बाई बसून राहते. अहो, मी भाजी निवडत असते, कपडे घड्या करत असते, पाठ वळलेली असते, पण कान पेशंटकडे. घशात लाळ साठली की गुळगुळ येते, कफ असला की खरखर, आणि ती खरखर एकदम थांबली की उठून धावायचं, कारण तेव्हा वाट लागलेली असते.

आता हे आपले बाबा. शाळेत पीटीचे सर होते, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा आवाज होता म्हणे, आणि अडीच वर्षांपूर्वी पॅरालिसिसचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळायची ताकद गेली. पातळ नाही, घट्ट नाही, असं मधलं भरवायचं, आणि घशात काही अडकलं तर ते बघा ते मशीन, नळी घालून ओढून घ्यायचं. जोरानं खोकायची पण ताकद नाही हो त्यांना. म्हणून त्यांचा घसा म्हणजे माझे कान, असं मी पहिल्याच दिवशी सुहासदादांना बोलली होती. सुहासदादा म्हणजे ह्यांचा मुलगा. ते हसले. मेघनावहिनी, त्यांच्या मिसेस, त्या मात्र हसल्या नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात काय झालं, बाबांच्या पाठीला जखम झाली, पडून पडून होते ती. डॉक्टर बोलले घाम येता कामा नये, पाठ कोरडी राहिली पाहिजे, खोली थंड ठेवा. मे महिन्यात मुलुंडला खोली थंड ठेवायची म्हणजे काय चेष्टा आहे? पंखा नुसती गरम हवा फिरवतो. तर दादांच्या मेव्हण्यांकडे एक जुना खिडकीतला एसी पडून होता, त्यांनी तो कौतुकानं आणून दिला, आणि ह्या खोलीला खिडकी एकच, ही. ह्या खिडकीत तो बसवला. अर्धी खिडकी त्यानं खाल्ली, उरलेल्या फटीत पुठ्ठा आणि थर्माकोल. दिवसाढवळ्या खोलीत काळोख. माणसाचे ओठ निळे पडतात का ते ट्यूबलाइटखाली कळत नाही, उजेडात कळतं. आणि आवाज! घर्रर्र चालू झाला की मला वडलांच्या मिलची आठवण, खरंच सांगते.

मी त्याच संध्याकाळी बोलली, दादा, मला बाबांचा घसा ऐकू येत नाही. दादा दमून आले होते, बोलले मावशी, एसीची सवय नाही म्हणून वाटतंय तुम्हाला, आठ दिवसांत होईल सवय. मी परत बोलली, तर बोलले मग बंद करून टाकू का, जखम वाढू दे? थंडावा पण पाहिजेच होता ना. जखम सुकायला लागली होती, मीच रोज बघत होती. मग मी कानाचं काम डोळ्यांवर घेतलं. दर दोन मिनिटांनी मान वळवून बघायचं. रात्रीची बदली बाई यायची तिला पण तेच सांगितलं. मान धरायची माझी, पण करणार काय, आपलाच पेशंट.

आणि मग तो दिवस. दादा-वहिनी दोघं कामावर, घरात मी आणि बाबा. दुपारचं भरवून झालं होतं, उशा लावून उंच बसवलं होतं, तिकडे वॉशिंग मशीन लावलं होतं, इकडे एसी, आणि मी ह्या टेबलापाशी त्यांच्याकडे पाठ करून जखमेच्या पट्ट्या कापत होती. किती वेळ झाला असेल? चार मिनिटं असतील, पाच असतील, मला आजपण नक्की सांगता येत नाही, तेच तर डाचतं. एकदम टक करून सगळं बंद. एसी बंद, मशीन बंद, पंखा बंद. लोड झेपला नाही, तो एमसीबी का काय, ते दारावरचं बटण पडलं. आणि ते सगळं शांत झालं तेव्हा मला ऐकू आलं. गुळगुळ नाही, खरखर नाही, बारीक, चिमटीत धरल्यासारखी एक शिट्टी. मी वळली तर बाबांचे डोळे मोठे झालेले आणि तोंड उघडं.

कफ ओढायच्या मशीनचं बटण दाबलं, आणि मशीन कुठून चालणार, लाईट नाही! ते बटणांचं खोकं दाराच्या वर आहे, स्टूल लागतं, मनात आलं धावू का, आणि पाय उचलला पण होता मी. पण सिस्टरांचा आवाज कानात, पेशंट सोडून जायचं नाही. उशा फेकल्या, बाबांना कुशीवर घेतलं, डोकं खाली, आणि पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, तळहातानं हाणलं. एक, दोन, तीन, चार. बाबा, काढा, काढा बाहेर, मी ओरडत होती, रडत होती, देवाचं नाव घेत होती, सगळं एकदम. पाचव्याला कफाचा गोळा गालात आला, दिसला तसा पट्टी गुंडाळलेल्या बोटानं ओढून काढला. दिसत नसेल तर बोट घालायचं नाही, आत ढकललं जातं. मग श्वास आला. असा आला, असा आला की मी तिथेच जमिनीवर बसली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी, माझ्या डोळ्यांतून पाणी.

लाईट नसती गेली तर मी पट्ट्या कापत राहिली असती, कळलं का तुम्हाला? मी वाचवलं नाही, त्या बटणानं वाचवलं.

डॉक्टरांना फोन केला, ते येऊन बघून गेले, छाती साफ आहे बोलले. वहिनी आल्या तोवर बाबा शांत झोपलेले, कपडे बदललेले. गप्प बसली असती तर आज सगळं ठीक आहे एवढंच दिसलं असतं, डॉक्टर नेहमीसारखे येऊन गेले असं सांगता आलं असतं. पण मी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. दादांचा चेहरा पांढरा झाला, आणि बोलले काय माहितीये? मावशी, तुम्ही झोपला होतात का? डोक्यात तिडीक गेली माझ्या! मी बोलली, झोपली असती तर तुम्ही आत्ता माझ्याशी नाही, चार खांदेकऱ्यांशी बोलत असता. बोलू नये, पण गेलं तोंडातून. वहिनी बोलल्या, सुहास, उद्या तू स्वतः बसून बघ.

बसले. रजा टाकली आणि ह्याच खुर्चीत बसले, वहिनींनी त्यांना डोळे मिटायला सांगितलं, एसी चालू. मी बाबांसमोर उभी. पंधरा मिनिटांनी वहिनींनी विचारलं, बाबा किती वेळा खोकले? दादा बोलले, एकदाही नाही. मी बोलली, तीनदा. दादा उठले आणि बटण बंद करून त्या एसीवर हात ठेवून उभे राहिले. मग बोलले, मावशी, चुकलो.

आता एसी तर हवा आणि आवाज नको. दादांचे एक मित्र बोलले सगळ्या घराला करून घे, हॉस्पिटलात असतं तसं, छतातून पत्र्याचा बोगदा फिरवून प्रत्येक खोलीत गार हवा. दादा बोलले, आजारी माणसाच्या डोक्यावर छत फोडू? मग हा स्प्लिट एसी घेतला. अहो, एका दुपारचं काम. भिंतीला मनगटाएवढं भोक, बस्स, त्यातून नळ्या गेल्या, घरघरणारं धूड बाहेरच्या भिंतीवर, आणि आत नुसती ही पांढरी पेटी. बाबांना आम्ही तेवढा वेळ हॉलमध्ये नेलं होतं. खिडकी मोकळी झाली, पुठ्ठे गेले, उजेड आला, ओठांचा रंग दिसायला लागला. हवा पण बघा, ही पट्टी वर केली की बाबांच्या अंगावर थेट येत नाही, छताला लागून खाली उतरते. त्याला वेगळी वायर टाकली, म्हणजे त्याचं बटण पडलं तरी माझं कफ ओढायचं मशीन चालू राहील. आणि ह्याच खोलीपुरता, बाकीचं घर थंड करत बसायला नको. जखम महिन्याभरात भरली. आणि आवाज, ऐका जरा. आहे का काही?

इथेच माझी गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. बसवला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला, फोन उजव्या कानाला, आणि बोलता बोलता मी रिमोट दाबला. दाबला की टिंग वाजतं ना, ते वाजलं नाही. परत दाबला, नाही. मी लगेच बसवणाऱ्याला फोन लावून फैलावर घेतला, नवाकोरा आणून दिला आणि दुसऱ्याच दिवशी बिघडला, लोकांना लुटता काय! बिचारा संध्याकाळी आला. रिमोट दाबला, टिंग. परत दाबला, टिंग. बोलला, मावशी, वाजतोय की. तो गेल्यावर मी उजव्या कानात बोट घातलं आणि रिमोट दाबला. पट्टी हलली, दिवा लागला, आणि आवाज नाही. डावा कान गेलेला होता माझा. कधी गेला देव जाणे. आणि त्या दुपारी टेबलापाशी उभी असताना बाबा होते माझ्या मागे, डाव्या कानाच्या बाजूला.

तीन दिवस उजवा कान बाबांकडे ठेवून काम केलं. सगळा दोष मी त्या जुन्या एसीवर टाकला होता, दादांकडून चुकलो असं वदवून घेतलं होतं. सांगावं तर काम जाणार, कान गेलेली बाई कोण ठेवेल, तीही असल्या पेशंटला! न सांगावं तर परत काही झालं म्हणजे? आता खोलीत आवाज नाही, मग नाव कोणाचं घेणार मी? वडील आठवायचे, दार वाजलं की आमच्या तोंडाकडे बघायचे ते. चौथ्या दिवशी सांगून टाकलं. दादांना रिमोट दिला, बोलली, दाबा, मी उजवा कान बंद करते.

दादा दाबत राहिले. मग रिमोट ठेवला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, इतका वेळ की मी मनात पिशवी भरायला घेतली. शेवटी दादा वळले आणि विचारलं, मावशी, उजवा शाबूत आहे ना? मी बोलली, अगदी. तर बोलले, मग पलंग फिरवूया.

तिघांनी मिळून फिरवला. तेव्हापासून टेबलापाशी असू दे, खुर्चीत असू दे, बाबा माझ्या उजव्या हाताला. तुम्हाला मघाशी इथे बसवलं ते म्हणूनच. कानाच्या डॉक्टरांकडे वहिनी स्वतः घेऊन गेल्या, कानाला मशीन लागेल बोलले, लावू. उजवा पण जाईल एक दिवस, बापाचीच लेक ना मी, तेव्हा मीच उठून सांगेन की आता दुसरी बघा. तोवर देवानं एवढा एक कान ठेवावा, आणि ह्या घराचं भलं करावं, आणखी मागणं नाही माझं. लोकांना एवढंसं कळलं की बाईला...

थांबा. बोलू नका.

...हां. काही नाही. गिळलं त्यांनी. आलं मला ऐकू.