व्याह्यांच्या ओळीतली वांगी

नाव सोहराब होसेन ऊर्फ लाबलू. वडिलांचे नाव मरहूम आफसार मुन्शी. वय चोवीस. धंदा : लिहिणाऱ्या दारोगासाहेबांनी 'काही नाही' लिहिले होते, ते मी खोडायला लावले. मिळेल ते काम करतो. ट्रकवर क्लीनर होतो, घाटावर हमाली केली, जत्रेत मोटारसायकल फिरवतात त्या मौतच्या विहिरीवर तिकिटे फाडली. शिक्षण आठवी, तीही अर्धी. मूळ पत्ता जिल्हा गायबांधा, नदीतले बेट, ते नदीने नेले. सध्या राहणार थोरल्या बहिणीच्या घरी, मौजे खोर्दबाइल, शालबाडी थाना, जिल्हा रंगपूर.

समक्ष हजर राहून, कुणी शिकवले नसता सांगतो की,

माझ्यावर तक्रार अशी आहे की काल शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजानंतर मी आमच्या गावच्या कदबानू नानींच्या स्वयंपाकघरात शिरलो, चुलीवरचे पातेले लाथेने उपडे केले आणि त्यांना शिवी दिली. शिरलो हे खरे. पातेले उपडे केले हेही खरे, पण लाथेने नाही, हाताने. हात भाजला आहे, पाहून घ्यावा. शिवी नानींना दिली नाही. शिवी बजलारला दिली, तो तिथे नव्हता.

बजलार म्हणजे बजलार रहमान. बाजारात त्यांचे फवारणीच्या औषधांचे दुकान आहे आणि त्यांचे शेत माझ्या बहिणीच्या शेताला लागून आहे. साहेब 'औषध' लिहितात. आमच्याकडे दुकानात मागतानासुद्धा 'विष द्या' असेच म्हणतात. या जबाबात विषच लिहावे.

माझी बहीण जाहेदा, तिला मी बुबू म्हणतो. तिचा नवरा मोक्सेद अली, ते माझे दुलाभाई. त्यांचे घरामागे वांग्याचे शेत आहे. पूर्वी दुलाभाई एक दिवसाआड विष मारायचे. अळी एकदा वांग्याच्या आत शिरली की तिला वरून काही होत नाही, म्हणून ती शिरायच्या आधी गाठायची, म्हणून सारखे मारायचे. त्यांच्या हाताला कापरे भरले. चहाचा कप ओठापर्यंत जाईपर्यंत अर्धा व्हायचा. मी तेव्हा चटगावच्या ट्रकवर होतो, तिथे आमचा उस्ताद असा होता की, बरे, साहेब म्हणतात मुद्द्यावर ये.

मुद्दा असा की दोन वर्षांपूर्वी कृषी खात्याच्या बाई, त्यांना आम्ही आपा म्हणतो, नवे बियाणे घेऊन आल्या. मी त्या दिवशी घरी होतो. आपा अंगणात पाटावर बसून म्हणाल्या, मातीत एक जंतू असतो, त्याच्या अंगात अळीला मारणारी एक चीज असते. ती चीज बनवायची कृती जंतूकडून काढून वांग्याच्या झाडात घातली आहे. आता झाड ती स्वतःच बनवते. अळीने कुरतडले की तिचे पोट फाटते. माणसाच्या पोटाला तिचे काही नाही.

दुलाभाई म्हणाले, "जंतूला कसं कळणार, अळी कोण आणि मोक्सेद कोण?"

आपा म्हणाल्या, "जंतू कुठाय त्यात, भाई? नुसती कृती आहे. शेजारणीकडून सुक्या मासळीच्या गोळ्यांची कृती आणली, म्हणून शेजारीण घरात येऊन बसते का?"

"बसली तर माझी हरकत नाही," दुलाभाई म्हणाले. बुबूने त्यांना पळी फेकून मारली. हे लिहायचे नसेल तर लिहू नये, पण ती अशी होती. आहे.

आपांनी एक अट घातली. शेताच्या चारी कडांना दोन दोन ओळी साध्या वांग्याच्या लावायच्या, आणि त्यांच्यावर काही म्हणजे काही मारायचे नाही. तिथे अळ्यांना सुखाने जगू द्यायचे. नाहीतर आतल्या शेतात एखादी चिवट अळी वाचते, तिचे पाखरू होते, ते दुसऱ्या चिवटाशीच जोडी जमवते, आणि चार वर्षांत सगळे खानदान चिवट. कडेला साधी पाखरे असली तर चिवटाची जोडी साध्याशी जमते आणि पोरे साधी निपजतात. मी म्हणालो, "म्हणजे सोयरिकीसाठी गरिबाघरची स्थळं जवळ बाळगायची." तेव्हापासून आमच्या घरात त्या ओळींना व्याह्यांची ओळ म्हणतात. नंतर गावही म्हणू लागला.

आता नीट लिहून घ्यावे, कारण सगळे यावर आहे. आतले वांगे, म्हणजे नवे, ते स्वच्छ निघते, ते बाजारात जाते. व्याह्यांच्या ओळीतले किडके निघते, ते कुणी घेत नाही, ते घरात शिजते. बुबू भोक पडलेला भाग विळीवर उडवते आणि बाकीचे रांधते. दोन वर्षांत आमच्या पातेल्यात आतले वांगे एकदाही गेले नाही. चांगले ते विकायचे आणि उरले ते आपण खायचे, हे साहेबांच्या घरी नसेल, आमच्याकडे असेच असते. आणि त्या ओळीवर कधी विष पडत नाही, म्हणून बुबू ती वांगी धूतही नसे. पदराने पुसायची, झाले.

बजलारभाईंना ती ओळ पहिल्यापासून बघवत नव्हती. बांधावर उभे राहून म्हणायचे, "जाहेदा, लोक कोंबड्या पाळतात, तू अळ्या पाळ. उडून माझ्यात येतात त्या." बुबू म्हणायची, "तुमच्यात आल्या तर मरतीलच की, भाई. तुम्ही तर वांग्यांना आंघोळच घालता विषाची." त्यांचा धंदा बुडाला म्हणून त्यांनी केले असे मी म्हणणार नाही. गावात विष घेणारे पुष्कळ आहेत. त्यांना जिवंत अळी दिसली की हात शिवशिवतो, एवढेच.

बुधवारी पहाटे धुके होते. मी घोड्यांच्या बाजाराला निघालो होतो. घोडा घ्यायचा नव्हता, बघायचा होता. बांधावर बजलारभाई पाठीवर टाकी घेऊन येताना दिसले. मी विचारले, "इतक्या धुक्यात?" ते म्हणाले, "माझ्या शेतात माझी मर्जी." मी पुढे गेलो. बाजारात एक पांढरी घोडी होती, ती लिहू नका. परत येताना रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर बसलो, तिथे बजलारभाई चार माणसांत सांगत होते, "जाहेदाच्या अळ्यांना मारून त्यांचा चाळिसावाही करून आलो आज. फुकटात. नवं कडक विष आहे, एका फवाऱ्यात सगळा व्याही-समाज साफ." लोक हसले. मी कप तसाच ठेवून पळत सुटलो.

घरी पोचलो तेव्हा बुबू जेवून भांडी घासायला बसली होती. सकाळी धुक्यात भिजलेली वांगी तिने पदरात भरून, पोटाशी धरून आणली होती. सालीसकट चकत्या तळून खाल्ल्या होत्या. दुलाभाईंना वांग्याने खाज सुटते, ते खात नाहीत. मी म्हटले, "बुबू, थुंक, ओक, काहीतरी कर." ती म्हणाली, "आल्या आल्या काय नाटक रे." मग तिला घाम फुटला. माघात. तोंडातून लाळ यायला लागली, आणि ती मला लाळ पुसत सारखी सांगत होती की मी भांडी घासून घेते आधी.

बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकी व्हॅनवर घालून तिला रंगपूरच्या मोठ्या इस्पितळात नेले. डॉक्टरांनी पापणी वर करून पाहिले. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी झाली होती. ते म्हणाले, "हे विष आहे. पण कुठलं ते कळलं पाहिजे, म्हणजे पुढचं औषध ठरवता येईल. बाटली आणा, नाही तर निदान नाव आणा."

मी त्याच व्हॅनने बाजारात आलो. बजलारभाई दुकानाचे शटर ओढत होते.

मी म्हणालो, "बाटलीचं नाव सांगा."

"कसली बाटली?"

"सकाळी व्याह्यांच्या ओळीवर मारलीत ती."

"मी माझ्या शेतात मारलं."

"टपरीवर काय सांगत होता मग?"

"थट्टा केली. थट्टा कळत नाही तुला? इतकी गावं फिरलास."

"बरं, तुमच्या शेतात मारलं त्याचं नाव सांगा. तेवढंच सांगा. मी तुमचं नाव कुठे घेणार नाही, कुराणावर हात ठेवतो."

ते म्हणाले, "नाव सांगितलं की केस माझ्या गळ्यात. तिनं जंतूचं वांगं खाल्लंय, लाबलू. जंतू पोटात गेला. जा, सरकारला विचार."

आणि कुलूप लावले. मी त्या कुलपावर वीट मारली. कुलूप तुटले नाही. तक्रारीत हे नाही, तरी मीच सांगतो.

साहेब विचारतात की बजलार रहमान यांनी मुद्दाम जीव घेण्यासाठी केले असे तुझे म्हणणे आहे काय. नाही. ओळीवर मारले तेव्हा त्यांच्या मनात अळ्याच होत्या. मूर्खपणा केला, पण अळ्यांवर केला. शटरपाशी उभे राहून नाव सांगितले नाही, ते मात्र माझ्या बहिणीवर केले. ते मुद्दाम केले. हे वाक्य असेच लिहावे, गुळगुळीत करू नये.

डॉक्टरांनी अंदाजाने औषध दिले. बुबूच्या छातीला मशीन लावले.

गुरुवारी बजलारभाई आणि युनियन परिषदेचे मेंबर दुलाभाईंना घेऊन या थान्यात आले. इथे कागद झाला की सरकारी बियाण्याच्या वांग्याने विषबाधा झाली. दुलाभाईंनी अंगठा दिला. इस्पितळाच्या व्हरांड्यात मी त्यांना विचारले, "दुलाभाई, बुबूनं आतलं वांगं कधी खाल्लं हो?"

ते खाली बघत म्हणाले, "मेंबर म्हणतो, सरकार इस्पितळाचं बघेल."

"मी काय विचारलं?"

"शेताला पाणी बजलारच्या मशीनचं आहे रे. माघ चालू आहे. धान लावायचंय. पाणी तोडलं तर काय लावू, तुझं डोकं?"

मी चहा आणला आणि कप त्यांच्या ओठाला मीच धरला, नाहीतर अर्धा सांडला असता.

काल जुम्म्यानंतर मशिदीतून माणसे सरळ आमच्या शेतावर आली. पुढे बजलारभाई. म्हणत होते, "जंतूचं झाड गावात नको." वांग्यांनी लगडलेली सगळी आतली झाडे उपटली. आणि व्याह्यांच्या ओळीला कुणी हात लावला नाही. बजलारभाईंनीच ओरडून सांगितले, "कडेची ठेवा रे, ती आपली साधी आहेत, त्यांनी काय केलंय?" ज्या झाडांत दोष नव्हता ती मुळासकट बांधावर, आणि ज्यांच्यावर विष होते ती उभी. बजलारभाईंना ठाऊक होते. तरी म्हणाले, कारण कडेची उपटायला लावली असती तर का म्हणून कुणीतरी विचारले असते. मग बायका आल्या आणि उभ्या झाडांची वांगी तोडायला लागल्या, फुकटची म्हणून.

मी ओरडलो, खाऊ नका, विष याच्यावर आहे. कुणीतरी म्हणाले, "याला पण चढलं जंतूचं." लोक हसले. मी तीन जणींच्या टोपल्या हिसकून डबक्यात टाकल्या. एका टोपलीतली तीन वांगी तेवढी गमछ्यात बांधून ठेवली. कुणीतरी माझ्या कानाखाली मारली, कोण ते सांगणार नाही, तो बजलार नव्हता. मग कळले की कदबानू नानी सर्वांच्या आधी ओटीभर घेऊन गेल्या. त्या एकट्या राहतात. मी धावलो. चुलीवर वांग्याचा रस्सा उकळत होता, नानी त्यात मीठ टाकत होत्या.

मी म्हणालो, "नानी, खाऊ नका."

त्या म्हणाल्या, "सरक मुडद्या, सकाळपासून पोटात काही नाही."

म्हणून उपडे केले. परत वेळ आली तर परत करीन. नानींनी तक्रार दिली ते बरोबरच आहे, त्यांचे जेवण गेले. त्या जिवंत आहेत, म्हणून तक्रार देऊ शकल्या.

ती तीन वांगी मी आज इथे हजर केली. दारोगासाहेबांनी त्यातले एक माझ्यासमोर सुरीने चिरले. आत भोक होते आणि भोकात अळी होती. जिवंत होती. टेबलावर चालायला लागली, हवालदाराने फूटपट्टीने उचलून खिडकीबाहेर टाकली. तिला कशाला टाकली, तीच माझी साक्षीदार. आतल्या वांग्यात अळी वाढत नाही, म्हणजे हे साधे वांगे, व्याह्यांच्या ओळीतले. आणि आत असल्यामुळे वरच्या विषाने तिला काही झाले नाही. उरलेली दोन न धुता, न पुसता तपासणीला पाठवावीत. नमुन्याच्या पुडक्याला चिकटपट्टी लावायला कुणी हात घालणार असेल तर आधी हाताला पिशवी बांधावी. बजलार रहमान यांचे दुकान उघडून नव्या मालाच्या बाटल्या पाहाव्यात, आणि नाव आजच्या आज इस्पितळात कळवावे. डॉक्टर अजून नाव विचारतात.

बुबू काल संध्याकाळी मगरिबच्या नमाजाच्या सुमारास थोडी शुद्धीवर आली. विचारले, उद्या बाजार आहे, वांगी काढली का. मी हो म्हणालो. हे जबाबात असावे की नाही ते साहेबांनी ठरवावे.

वरचा मजकूर दारोगासाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. एके ठिकाणी 'वांगे खाल्ल्याने विषबाधा' असे आले होते, ते थांबवून मी 'वांग्यावर मारलेल्या विषाने' असे करून घेतले. आता तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मला वाचता येते, म्हणून मीही एकदा वाचला. मोक्सेद अली यांना वाचता येत नाही, आणि गुरुवारचा कागद त्यांना अंगठ्याच्या आधी कुणी वाचून दाखवला नाही. दारोगासाहेब म्हणतात, हा तुझ्या जबाबाचा भाग नाही. मी म्हणतो, आहे. तो लिहिल्यावरच मी खाली सही केली.

सोहराब होसेन