आई शेतात, कढईसकट

...आणि वर मलाच म्हणतात, "हेम्या, तू घरनी इज्जत काढस!" इज्जत? अहो, मी मागितलं काय होतं? गाडी मागितली? गोव्याला चला म्हटलं? छे! एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून शेतात जायचं, भरीत करायचं, तिथेच बसून गरम गरम खायचं आणि घरी यायचं. संपलं! शेत आपलं, वांगी आपली, जाळायला कपाशीच्या काड्या आपल्याच... मग अडतं कुठे? तुम्हाला सांगतो, जिथे वस्तू अडत नाही ना, तिथे म्हातारी माणसं अडतात.

आता तुम्ही म्हणाल, खानदेशात राहतोस आणि भरीत पार्टीचं कौतुक कसलं सांगतोस? थंडी पडली की शेताशेतातून धूर निघतोच. बरोबर! निघतो ना! पण त्या धुराभोवती बसलेलं कोण असतं, ते कधी पाहिलंत? सगळे पुरुष! पांढरे शर्ट, मफलर, आणि प्रत्येकाचं एकच वाक्य, "भरीत करावं तर आपणच." आणि बाया कुठे असतात? घरी! चुलीसमोर! पुऱ्या तळत! त्या पुऱ्यांचा डबा मोटरसायकलवरून शेतात जातो, आणि संध्याकाळी पातेल्याच्या बुडाशी चिकटलेलं गार भरीत घरी परत येतं, "घ्या, तुमच्यासाठी आणलं," असं म्हणून. उपकार बघा उपकार! माझी आई, प्रमिलाबाई, लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून पुऱ्या तळतेय, पण आगीवरून उतरलेलं भरीत शेतात बसून खाल्लं का तिने कधी? एकदाही नाही! मी विचारलं तर म्हणते, "गार भरीत बी चांगलं लागस रे भाऊ." अहो, जिने गरम खाल्लंच नाही तिला काय कळणार!

तेव्हाच ठरवलं. या वर्षी आई शेतात बसून गरम भरीत खाणार. आभाळ कोसळलं तरी खाणार.

आमच्या घराची रचना सांगतो, म्हणजे तुम्हाला दुखणं कळेल. वडील, तोताराम, त्यांना नाना म्हणायचं. नानांचे मोठे भाऊ सुकदेव, म्हणजे आबा. नाना घरातले कर्ते पुरुष आहेत असं रेशनकार्ड म्हणतं, बाकी कारभार सगळा आबांचा. नानांना विचारा, "नाना, पाणी प्यायचं का?" तर म्हणतील, "आबास्ले इचारं का?" आबांची बायको लताबाई, ती माझी मोठीआई. धुळ्याला शिकणारी बहीण मेघा, शनिवार-रविवारी घरी. आणि मी. मी कॉलेज सोडलेलं आहे, हे मी सांगायची गरज नाही, आबा जाणाऱ्या-येणाऱ्याला स्वतःच सांगतात.

हे कुटुंब एकत्र कधी बाहेर पडतं माहितीये? दोनच वेळा. कोणाचं लग्न असलं की, नाहीतर कोणी वारलं आणि दारावर बसायला जायचं असलं की! तिसरं निमित्तच नाही! मौज करायची तर कोणीतरी बोहल्यावर चढावं लागतं, नाहीतर तिरडीवर! मागे मेघाने मोबाइलवर लुडो काढला, म्हणाली चला, घरबसल्या सगळे खेळू. मोठीआईने आबांची सोंगटी मारली. मारली म्हणजे खेळात हो! आबा उठले, खाटेवर जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले आणि दोन दिवस ताकाची वाटी परत पाठवत होते. बोला! फुकटातली मौज आमच्याकडे अशी महाग पडते.

तर मी विषय काढला. जेवताना. आबा आधी ऐकून हसले, त्यांना वाटलं नेहमीसारखं, पुरुषांचं. म्हटलं, नाही, आई, मोठीआई, मेघा, सगळ्या. आबांचा घास तोंडातच राहिला.

"बाया? शेतमा? पार्टीले?"

"हो."

"लोके हासतीन!"

म्हटलं, आबा, याच बाया भर उन्हात त्याच शेतात कापूस वेचतात, तेव्हा लोक हसतात का? निंदायला चालतात, वेचायला चालतात, फक्त जेवायला बसल्या की लोक हसतात? आणि उत्तर नसलं की आबांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "तुले काय समजस रे? कॉलेज सोडी उना नि आम्हले शिकाडस!" म्हणजे विषय भरताचा असो, फवारणीचा असो, नाहीतर चंद्राचा, गाडी माझ्या कॉलेजवर येऊन थांबणारच! वयाचा मान ठेव म्हणतात. अहो, वय आपोआप वाढतं, त्यात यांचे कष्ट काय?

नाना मध्ये पडले. नानांना वाटतं ते तोडगा काढतात. म्हणाले, "करानीच शे ते मोठी करू. भाऊबंद बोलावू, मंडप टाकू, सरपंचास्ले सांगू..." झालं! आबांचे डोळे चमकले! म्हणाले, मग आचारी लागेल, खुर्च्या लागतील, जावयांना बोलवावं लागेल, जावई आले की टोपी-टॉवेल आले... मी डोकं धरून बसलो. शेत आपलं, वांगी आपली, काड्या आपल्या, आणि यांनी पाच मिनिटांत त्याचं लग्न लावलं! आणि त्या सगळ्या मंडपात आई कुठे? पुन्हा पुऱ्यांच्या कढईसमोर! फक्त आता घरच्या ऐवजी गावाच्या!

कढई! तुम्हाला सांगतो, तिथेच माझं डोकं चाललं. जिथे कढई, तिथे आई. मग आईला कशाला ओढायचं? कढईला न्यायचं!

मंडपाचं पुढे ढकलून रविवारी सकाळी आबा-नाना नेहमीसारखं पुरुषांचं भरीत करायला शेतात गेले, आई गोठ्यात गेली, आणि मी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरलं, कढई, पोळपाट, लाटणं, झारा, पिठाचा डबा, तेलाचा डबा, वर गॅसची शेगडी आणि टाकीसुद्धा! म्हटलं, उगाच शेजारून कढई मागून इथेच तळत बसायला नको. मेघा बाजूला पहारा देत होती. आई आली, स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली.

"हेमू, कढई कोठे शे?"

"शेतात."

"पोळपाट?"

"तेबी शेतात."

"नि मी?"

"ट्रॉलीत बस, सांगतो."

आई बघतच राहिली. मोठीआई मात्र आत गेली, ठेवणीतलं लुगडं नेसून आली आणि सरळ ट्रॉलीत चढून बसली. वरून आईला म्हणते, "चल व प्रमिला, टाकी त्यास्नी नेली, आते घर काय खाशी?" मी तर म्हणतो, या बाईला सरपंच करा!

शेतात आबा आणि नाना आधीच पोचलेले. आबा काड्यांचा ढीग करून, हातात लांब काठी घेऊन, सेनापतीसारखे उभे. वांगी फोडू नका, टोचे मारा, उलटी ठेवा, अशा ऑर्डरी नानांना चाललेल्या. ट्रॉलीतून बाया उतरताना पाहिल्या आणि आबांची काठी हातातच राहिली. आईने पदर कपाळापर्यंत ओढला. ओढणारच! मोठे दीर समोर ना! तुम्हाला सांगतो, ही गोष्ट मी विचारातच घेतली नव्हती. कॉलेज सोडलेला माणूस, सगळा विचार केला, कढईचा केला, टाकीचा केला, पण पदराचा केलाच नाही!

आबा काही बोलणार, तेवढ्यात मेघा म्हणाली, "आबा, उजवीकडचं वांगं जळतंय." आबा गर्रकन वळले. वांगं म्हटलं की आबा सगळं विसरतात, इज्जतसुद्धा.

मग काय सांगू! आई सारखी उठायची लाटायला, मेघा तिचा पदर धरून खाली बसवायची. पुऱ्या मी लाटल्या. माझी एक पुरी दुसऱ्या पुरीची नातेवाईक वाटत नव्हती. तळायला नाना! हो, नाना! माझ्या बापाने जन्मात पहिल्यांदा झारा धरला, तोही फावडं धरतात तसा! पहिली पुरी काळी, दुसरी पांढरी, तिसरी फुगली आणि नाना एवढ्याने ओरडले, "फुगनी! फुगनी!", की पलीकडच्या शेतातला माणूस बांधावर आला, वाटलं कोणाला साप चावला. तिकडे आबांनी वांगी सोलली, बडगीत, म्हणजे त्या लाकडी खोलगट भांड्यात, मिरची-लसणासकट ठेचली, कांद्याची पात, शेंगदाणे, सगळं पातेल्यात, वर कडकडीत तेल... वास असा सुटला, असा सुटला, की मीसुद्धा आबांवरचा राग दोन मिनिटं विसरलो. दोनच मिनिटं!

केळीची पानं मांडली. सहा. आबा बसले, नाना बसले, मेघा बसली. मोठीआई उभी. आई तिच्या मागे उभी.

"आई, बस."

"तुम्हीन जेवी ल्या आधी."

"आई, भरीत गरम आहे!"

तर पदराआडून हळूच म्हणते, "आबा बठेल शेतस ना... मी कशी जेवू?"

झालं! एवढं सगळं आणून अडलं कुठे? तर मोठ्या दिरासमोर धाकट्या भावाची बायको जेवत नाही, इथे! शेत आपलं, वांगी आपली, काड्या आपल्या, पुऱ्या बापाने तळलेल्या! तोंड तेवढं आईचं, आणि तेच उघडायची परवानगी नाही! माझं टाळकं सरकलं. मी भरताचं पातेलं उचललं, मांडीवर घेतलं आणि बसलो. म्हटलं, आई बसल्याशिवाय कोणालाही वाढणार नाही. आबांनासुद्धा नाही. आबांना तर मुळीच नाही!

नाना म्हणाले, "आरे वाढ, वाढ." नाही! "आबास्ले भूक लागेल शे." लागू दे! पातेलं मांडीला चटके देत होतं हो, भरीत म्हणजे काय आइस्क्रीम आहे? पण हललो नाही. आबा माझ्याकडे बघतायत, मी आबांकडे. वाफ वर चाललीये. एकेक वाफ जाताना मला वाटतंय, चाललं, गरम भरीत चाललं, यंदाही गारच खाणार ही बाई. आबांची नजर हळूहळू माझ्यावरून पातेल्यावर आली. नाकपुड्या हलल्या. आणि तुम्हाला खोटं वाटेल, आबा उठले, आपलं पान उचललं, पलीकडे तुरीचं पीक उभं होतं तिकडे तोंड केलं, आमच्याकडे पाठ केली आणि बसले.

"मी काही देखत नही. आते तरी वाढ!"

तुरीच्या झाडांना सांगितल्यासारखं! पण सांगितलं! मी धावत जाऊन आधी आबांना वाढलं, मग मागे आलो. मोठीआई बसली. आई बसली. पदर थोडा मागे सरकला. तिने पुरीचा तुकडा मोडला, भरीत घेतलं, फुंकर मारली... फुंकर! गरम होतं म्हणून फुंकर मारली हो! खाल्लं. दुसरा घास. तिसरा. मग म्हणाली, "आते समजनं, ह्या लोके घर कसाले येतस नही लवकर."

मेघा तर फुटलीच. आणि मग आईची जीभ जी सुटली! समोर आबांचा चेहरा नाही, नुसती पाठ. पाठीला काय घाबरायचं? आई सांगायला लागली, की नवीन लग्न झालं तेव्हा आबा घरात शिरताना खाकरायचे, म्हणजे बायांनी पदर घ्यावा, आत पळावं. तर एका हिवाळ्यात आबांना पडसं झालं! आबा दिवसभर खोकतायत आणि या दोघी जावा दिवसभर पदर सावरत आतबाहेर पळतायत! मोठीआई म्हणाली, मी तर धार अर्धी सोडून पळाले, म्हशीने चरवी लाथाडली, आणि माणूस कुठे होता? पलीकडच्या खोलीत, वाफ घेत!

"मी आयकी ऱ्हायनू!" तुरीकडून आवाज आला. "बठ्ठं आयकी ऱ्हायनू!" बठ्ठं म्हणजे सगळं, पडशासकट!

पण वळता येतंय का? शब्द दिलेला! आबांची पाठ थरथरायला लागली. मला वाटलं चिडले. पुढे जाऊन पाहतो तर म्हातारा पुरी तोंडात धरून हसतोय! डोळ्यांतून पाणी! मला म्हणतात, "पुरी आन अजून." आणली. ही आबांची आणि माझी बऱ्याच महिन्यांतली पहिली गोष्ट, जिच्यात कॉलेज आलं नाही.

मी परत आलो, छाती फुगवून. म्हटलं, जिंकलो! बघा, आई हसतेय, पोटभर गरम खातेय, बोलतेय, आणि हे सगळं कोणी केलं? बसलो आईशेजारी, मोठ्याने हसायला लागलो. तर आईने पुरी खाली ठेवली, माझ्याकडे वळली, आणि पदर नाही, संकोच नाही, सगळ्यांदेखत, घराच्या चार भिंतींत इतकी वर्षं ज्या आवाजात कधी बोलली नाही त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "नि तू रे? तू कसाले हासस? कॉलेज कसाले सोडं, ते सांग आज! पुढे काय करशी, तेबी सांग! कोनाले धाक नही, आज मी बठ्ठं इचारसू!"

नाना झारा खाली ठेवून ऐकायला बसले. मेघाने मोबाइल काढला. मोठीआई म्हणाली, "हां, इचार व, इचार."

काय करता? भरीत गरम होतं आणि आई त्याहून. मी गपचूप माझं पान उचललं, उठलो आणि आबांच्या शेजारी जाऊन तुरीकडे तोंड करून बसलो. आबा नुसते थोडं सरकले.