चौदा-पंधराचा पाना आणि लाईफटाईम वॉरंटी

...नाही, माल चांगला होता हो, त्याबद्दल माझी तक्रार नाही! आणि तक्रार सुरू करायच्या आधी माफी मागतो. शाळा आठवीतच सुटली, हे सगळं मी कागदावर लिहून आणलंय, आणि त्यात शुद्धलेखनाच्या इतक्या चुका आहेत की आमच्या बाई असत्या तर बाकावर उभं केलं असतं. पण मी वाचतोय आणि तुम्ही ऐकताय, म्हणजे चुका कागदावरच राहतील. शब्द मात्र साधेच आहेत, ते ऐकू येणारच, त्याला इलाज नाही...

तर पाना! तुम्हाला सांगतो, पेठ रोडला घरापुढेच टू-व्हीलरचं गॅरेज टाकायचं ठरलं तेव्हा मी रविवार कारंजावर पाने बघायला गेलो. मला मेलं दुकानात बोलताच येत नाही, नुसता उभा राहतो. दुकानदार म्हणाला, "काय पाहिजे?" मी म्हणालो, "बघतोय." त्यानं काउंटरवर तीन पाने आपटले. "हा चायना. स्वस्त आहे, पण नट फिरायच्या आधी हाच फिरतो. हा जालंधरचा. काळा आहे, ओबडधोबड आहे, चालतो." मी हळूच विचारलं, "वॉरंटी?" "वॉरंटी म्हणजे मी! दुकान उघडं दिसलं तर यायचं." आणि मग तिसरा... तिसरा त्यानं आपटला नाही हो, ठेवला! फडक्यावर! "हा वज्रबाहू. किंमत दुप्पट, पण लाईफटाईम वॉरंटी. तुटला तर नवीन." आता लाईफटाईम म्हणजे कोणाचं, माझं, पान्याचं की दुकानदाराचं, हे विचारायचं होतं, पण मागे गिऱ्हाईक आलं आणि मी लाजून बाहेर पडलो.

पण माझी निवड माझ्या हातात राहिलीच नाही, कारण मध्येच माझं लग्न ठरलं. मुलगी मीना. मुलीचे वडील रंगनाथमामा, ओझरच्या विमानाच्या कारखान्यात जन्म गेलेला माणूस. साखरपुड्यात लोक जावयाला घड्याळ देतात, अंगठी देतात, मामांनी मला काय दिलं? वज्रबाहूचा अख्खा सेट! आणि मांडवात सगळ्यांसमोर भाषण! "योगेशराव, विमानाला कोणी जालंधरचा पाना लावतं का? नाही ना? मग? आणि एक सांगतो, माणूस हत्यार कसं जपतो त्यावरून बायको कशी जपेल ते कळतं. दसऱ्याला गॅरेज बघायला येतो, सेट बघतो, मग लग्नाची तारीख काढू."

कळलं का? माझी मीना त्या सेटवर होती!

आता माल चांगला होता हो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण खंडेनवमीच्या आदल्या दिवशी एका दुधवाल्याची स्कूटर आली. सायलेन्सरचा नट असा गंजलेला की नट कुठे संपतो आणि स्कूटर कुठे सुरू होते तेच कळेना. चौदा-पंधराचा रिंग पाना लावला, नट हलेना. मग आपण काय करतो? पान्याच्या दांड्यावर पाईप चढवतो आणि पाईपावर लटकतो. सगळेच करतात! पाईप न लावलेला मेकॅनिक मला दाखवा, मी त्याच्या पाया पडतो. लटकलो... आणि टण्ण! नट जागच्या जागी. पान्याचे दोन तुकडे.

रात्रभर डोळ्यासमोर मामा. सकाळी एसटीडी बूथवरून सातपूरला कंपनीच्या ऑफिसात फोन लावला, तर एक बाई इतकं गोड बोलल्या, "सर, दोन्ही तुकडे घेऊन या, लगेच बदलून मिळेल. आज पूजा आहे, पण आम्ही आहोत." सर! मला जन्मात पहिल्यांदा कोणी सर म्हणालं! पळत घरी आलो. आमच्या आईनं, म्हणजे मालनबाईंनी, खंडेनवमीची सगळी हत्यारं पाटावर मांडून, हळद-कुंकू लावून, झेंडूची फुलं वाहून ठेवलेली. मी म्हणालो, "आई, तुटलेला पाना कुठंय?"

"शांत केला."

"शांत म्हणजे?"

"आरं म्हणजे रामकुंडात सोडला! भंगलेलं हत्यार पूजेला मांडत्यात का कुठं? हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले, सोडला. लय राबला बिचारा."

"आई, तो महिनाभरसुद्धा राबला नव्हता! आणि त्याला वॉरंटी होती!"

"असू दे. आता त्याला कशाचीच गरज नाय."

आता वॉरंटीवाला तुकडे मागतो आणि तुकडे गोदामाईत! गेलो रामकुंडावर. तिथं भिका नावाचा म्हातारा दोरीला लोहचुंबक बांधून दिवसभर नाणी काढत बसतो. मी बराच वेळ नुसता शेजारी उभा. शेवटी तोच म्हणाला, "काय हरवलं?" मी पुटपुटलो, "पाना." तर म्हणे, "कोनत्या कंपनीचा?"

आणि त्यानं पत्र्याचा डबा उघडला. अहो काय सांगू! सगळ्या पंचवटीच्या आया सकाळीच येऊन गेल्या होत्या! पाने, पकडी, छिन्न्या, सगळ्यांना हळद-कुंकू! मी विचारलं, "काका, यात चांगला माल कोणता?" तो म्हणाला, "वज्रबाहू. एक नंबर."

मला जरा बरं वाटलं. "मजबूत असतो ना?"

"भंगारात वजन चांगलं भरतं."

त्यानं चुंबक दोनचारदा फिरवला आणि माझे दोन्ही तुकडे वर आले. त्याला चहा पाजला आणि तसाच ओल्या पिशवीसकट सातपूर गाठलं. साहेबांनी तुकडे हातात घेतले. "हे लाल काय आहे? गंज? गंज वॉरंटीत बसत नाही."

"कुंकू आहे, साहेब."

"आणि हे हिरवं?"

"गोदावरी."

साहेबांनी तुकडे कागदावर ठेवले. मग म्हणाले, "पाईप लावला होता का?" आता खोटं बोलायचं तर सराव लागतो. मी म्हणालो, "हो." साहेबांनी डोळे मिटले. "असं सांगायचं नसतं हो... मी ऐकलं नाही. मंजूर! नवीन पाना मिळेल."

माझे डोळे भरून आले. म्हणालो, "द्या."

"आज कसा देणार?" त्यांनी मागे हात केला. मागे अख्खं टेबल, पांढरी चादर, त्यावर कंपनीचे झाडून सगळे पाने, आणि सगळ्यांना हळद-कुंकू! "खंडेनवमी आहे. मांडलेल्या हत्याराला हात लावतात का? उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा या."

बघा, सर्व्हिसबद्दल माझी तक्रार नाही. माल चांगला, माणसं चांगली, फक्त मामा उद्या येणार!

आणि आले. टोपी, इस्त्रीचा शर्ट, हातात आपट्याची पानं. मला सोनं दिलं, मी पाया पडलो, आणि पडल्या पडल्याच मामांचा आवाज आला, "चौदा-पंधरा कुठंय?" सगळा सेट सोडून नजर नेमकी त्या रिकाम्या जागेवर! मी म्हणालो, "मामा... तुटला." आई आतून ओरडली, "शांत केला, व्याही!"

मला मीना दिसायला लागली, दुसऱ्याच्या मांडवात. मामांनी दुधवाल्याची स्कूटर बघितली, नट बघितला, मग सावकाश आपल्या स्कूटरची डिकी उघडली आणि आतून एक पाना काढला. काळा. ओबडधोबड. झिजून गुळगुळीत झालेला. जालंधरचा!

"मामा, हा?"

"विमानाला वज्रबाहू, योगेशराव. घरी हाच. कारखान्यात लागलो तेव्हापासून आहे. बघा आता."

लावला. नट हलेना. मामा घामाघूम. मग मामांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, "तुमच्याकडे... पाईप आहे का?"

मी नको म्हणायला हवं होतं. पण होणाऱ्या सासऱ्याला नको कसं म्हणायचं? दिला. मामा लटकले. टण्ण!

नट होता तिथेच. खरी लाईफटाईम कोणाची असेल ना, तर त्या नटाची! मामांनी दोन्ही तुकडे रुमालात घेतले, आणि कसनुसं हसून म्हणाले, "माल चांगला होता हो." मग माझा खांदा धरून कुजबुजले, "ओझरला कोणाला बोलू नका. तारीख काढू आपण, दिवाळी झाली की लगेच."

आईनं आतून हळद-कुंकवाची डबी आणली आणि मामांच्या हातातला रुमाल घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सातपूरला जायच्या आधी रामकुंडावर गेलो, मामांचे तुकडे शांत करायला. पायरीवर उभा राहिलो, हात जोडले, सोडणार तेवढ्यात भिकानं डबा पुढे केला.

"कुंडात टाकायचं, मंग म्या काढायचं... कशाला दोघांनी दमायचं? हितंच टाक."

टाकले.